उकंडा डायवरचा गुडघा

दिग्रस डेपोत उकंडा मनवर नावाचा डायवर होता, आणि त्यानं स्टँड सोडून गाडी कुठं थांबवली असं सांगणारा माणूस अजून भेटला नाही. कोणी कळवळून म्हणालं की भाऊ, जरा बाजूला घेता का, लय जोरात लागली, तर उकंडा आरशात पाहायचा आणि पुढच्या स्टँडचं नाव घेऊन म्हणायचा, "दारव्ह्याले थांबते गाडी." विषय संपला. त्याचा कंडक्टर श्रावण दयाळू माणूस. तो मागून घंटी मारून पाहायचा. उकंडाचा पाय काही ब्रेकवर जायचा नाही. लघवीसाठी लाल गाडी थांबवणं म्हणजे त्याच्या हिशेबात गाडीचा अपमान होता.

रिटायर झाल्यावर पाळी त्याच्यावरच आली.

आधी रात्रीचं उठणं वाढलं. मग दिवसाचं. जाऊन आलं की परत जावंसं वाटायचं, आणि गेलं की काही व्हायचं नाही. नुसतं भिंतीकडं पाहत उभं राहायचं. एकदा यवतमाळला निघाला होता, डायवरच्या मागच्या सीटवर, मानानं. गाडी चालवत होता बबलू, उकंडानंच शिकवलेला पोरगा. दारव्हा यायच्या कितीतरी आधीच उकंडाचे पाय नाचायला लागले. शेवटी त्यानं बबलूच्या कानाशी जाऊन हळूच सांगितलं. बबलूनं आरशात पाहिलं आणि म्हणाला, "उस्ताद, दारव्ह्याले थांबते गाडी."

सगळी गाडी हसली. बबलूनं थांबवली म्हणा, पोरगा काही वाईट नाही. पण उकंडा बाभळीमागं उभा, मागं सगळी गाडी खिडकीतून पाहतेय, आणि थेंब येईना. बबलूनं हॉर्न दिला तसा जो होता तोही थेंब आत गेला.

त्या दिवसापासून उकंडानं एस्टी सोडली. घरी सांगितलं, गुडघा धरला.

आता यात कोणाचं काही बिघडलं नसतं. पण त्याला एकच लेक, जया. तिचं सासर तिकडं झरी जामणीत, जंगलाच्या गावात. जावई धम्मदीप फॉरेस्टात गार्ड. आपल्याकडं पहिलं बाळंतपण माहेरी, आणि लेकीला आणायला मुऱ्हाळी जायचं ते बापानं नाहीतर भावानं. भाऊ नाही, म्हणजे बाप. जया सातव्या महिन्यात वाट पाहत बसली. बाप म्हणाला, गुडघा. बाळंतपण मग तिकडंच पांढरकवड्याला झालं, आई वच्छलाबाई एकटी जाऊन राहिली. पोरगा झाला. नाव ठेवलं संघर्ष. नाव ठेवायलाही बाप गेला नाही. गुडघा.

जयाच्या सासरी कोणी टोमणा मारला नाही, पण तिचं तिलाच लागलं. आपण लग्न आपल्या मर्जीनं केलं, ते बाबांच्या मनात अजून आहे, असं तिनं धरलं. धम्मदीप म्हणाला मी सोडून देतो दिग्रसला. तर नाही म्हणाली. फोनवर बापाला एवढंच सांगितलं, "बाबा, तुम्ही न्यायले आले तरच मी येईन. नाही त हे पोरगं आपल्या आज्याले फोटोतच पाहीन."

उकंडानं फोन ठेवला आणि मोरीत गेला. बराच वेळ आला नाही.

इकडं वच्छलाबाईनं गुडघ्याची मोहीम काढली. निरगुडीचा पाला झाला, मोहरीचं तेल झालं. रोज संध्याकाळी ती दोन्ही गुडघे चोळायची आणि उकंडा गुपचूप चोळून घ्यायचा. मग श्रावण आला बिब्बा घेऊन. म्हणाला, उकंडाभाऊ, एक चटका बसला की पळायला लागाल. चटका बसला. गुडघ्यावर हा एवढा फोड आला आणि उकंडा खरोखरचा लंगडायला लागला. आता खोटं बोलायची गरजच राहिली नाही.

फोड काही बसेना, तेव्हा वच्छलाबाईनं त्याला हाडाच्या डॉक्टरकडं ओढत नेलं. डॉक्टरनं गुडघा वाकवला, सरळ केला, फोटो काढला. मधी उकंडा "आलोच" म्हणून बाहेर गेला. आला. परत गेला. डॉक्टरनं फोटो उजेडाकडं धरला आणि म्हणाला, "काका, गुडघा तर पोरासारखा आहे. तुम्ही सारखे तिकडं कायले जाऊन राह्यले, ते सांगा."

उकंडानं वच्छलाबाईकडं पाहिलं. वच्छलाबाईनं उकंडाकडं. आणि तिच्या सगळं ध्यानात आलं. बाहेर आल्यावर बोलली. "सहा महिने मी गुडघे चोळले तुमचे. सहा महिने. माह्या हाताची चामडी गेली." आणि मग हसायला लागली ती थांबेचना. रस्त्यातच बसली पदर तोंडाला लावून.

नागपूरला लघवीच्या डॉक्टरकडं जायचं ठरलं. श्रावणच्या पोराची गाडी केली. उकंडाला जिथं लागेल तिथं थांबायचं असा करार. श्रावण मागं बसून दर वेळी तोंडानंच टिंग करायचा, आणि उकंडा चढला की टिंग टिंग.

डॉक्टरीण तरुण होती, नजरेला नजर देऊन बोलणारी. सोनोग्राफी झाली, रक्त तपासलं, एका यंत्रात धार मोजली. धार कसली, ठिबक. ती म्हणाली, प्रोस्टेट नावाची गाठ असते, वयात फुगते, मधली नळी आवळते. कॅन्सर वगैरे काही दिसत नाही. आधी गोळ्या दिल्या, पण त्यांनी उकंडाला चक्कर यायला लागली, तेव्हा तिनं दुसरा उपाय सांगितला. चिरफाड नाही. लघवीच्या वाटेनं बारीक दुर्बीण घालायची आणि गाठीत वाफ सोडायची. गाठ हळूहळू आकसते.

"वाफ?" उकंडा म्हणाला. "मी काय इडली हाओ का?"

मग त्याला मनातलं विचारायचं होतं. गावात ऐकलं होतं की तिथलं ऑपरेशन झालं की माणूस कामातून जातो. तो पायाच्या अंगठ्याकडं पाहत बसला. शेवटी वच्छलाबाईनंच विचारून टाकलं, सरळ, भाजीचा भाव विचारावा तसं. डॉक्टरीणही तशीच सरळ म्हणाली, यात सहसा तसं काही होत नाही. श्रावण छताचा पंखा बघत होता. उकंडाच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या, पण चेहरा उजळला.

वाफ दिली त्यात काही विशेष नाही. डोळे मिटले, उघडले, झालं. खरा त्रास पुढं. काही दिवस नळी आणि पिशवी. नळी निघाल्यावर आग. उकंडा म्हणे, फसवलं मले. डॉक्टरीण फोनवर म्हणे, काका, गाठ आकसायला आठवडे लागतात, धीर धरा. ज्या माणसानं आयुष्यभर लोकांना दारव्ह्यापर्यंत धीर धरायला लावला, तो आता धीर धरत बसला.

आणि एका सकाळी वच्छलाबाई चुलीपुढं भाकर थापत होती. मोरीतून आवाज आला. ती ओरडली, अवो, बादलीचा नळ चालू राह्यला का? आवाज चालूच. मग उकंडा बाहेर आला, हात पुसत, आणि दारात नुसता उभा राहिला. चेहरा पहिल्यांदा गाडी हातात मिळाली तेव्हाचा.

"नळ नोय," तो म्हणाला. "मी हाओ."

वच्छलाबाईनं पिठाच्या हातानं डोळे पुसले आणि सगळं तोंड पांढरं करून घेतलं.

दुसऱ्याच हप्त्यात उकंडा निघाला, एकटा, दोन पेले पाणी मुद्दाम पिऊन. दारव्हा गेलं, यवतमाळ गेलं, पांढरकवडा गेला. झरीकडच्या गाडीत तर तो झोपला.

जया अंगणात होती. तिनं आधी त्याच्या पायाकडं पाहिलं. तो सरळ चालत आला होता.

"गुडघा?" ती म्हणाली.

वाटेत त्यानं बरंच काही जुळवून आणलं होतं. ते सगळं विसरला. "गुडघ्याले काहीच नव्हतं, माय," तो म्हणाला. "मले लघवी होत नव्हती. एस्टीत बसाची लाज वाटे. तुह्या लग्नाचा राग नव्हता. त्या बाभळीचा होता."

जयाला बाभूळ काही कळली नाही, पण बाकीचं कळलं. ती रडायला लागली आणि रडता रडता म्हणाली, "हे फोनवर नोयतं सांगता येत?"

"लेकीले कसं सांगू?"

"आता सांगतलं ना."

"आता होते ना," उकंडा म्हणाला.

दोन दिवस राहून तो लेकीला आणि नातवाला घेऊन निघाला. यवतमाळपासून पुढं गाडीवर बबलूच होता. उस्तादला पाहून त्यानं हात जोडले, जयाला खिडकीची जागा करून दिली. संघर्ष आजोबाच्या मांडीवर, टकमक बघत. दारव्हा अजून दूर होतं, तेवढ्यात उकंडाच्या पांढऱ्या शर्टावर ऊन ऊन काहीतरी आलं. धार अशी, की थेट खिशापर्यंत.

जया दचकून पोराला घ्यायला गेली. उकंडानं दिलं नाही. तो धारेकडं बघत होता, मन लावून. "होऊ दे, होऊ दे," तो म्हणाला. "मधी थांबवाचं नसते."

मग त्यानं पुढं वाकून बबलूच्या खांद्यावर हात ठेवला. पोरगं ओलं झालं होतं, दुपटं बदलायला पाहिजे होतं.

बबलूनं आरशात पाहिलं. "उस्ताद, दारव्ह्याले..."

"थांबव," उकंडा म्हणाला.

गाडी बाजूला लागली. मागून दोन म्हातारे आणि एक पाटील घाईघाईनं उतरले, न विचारता. उकंडा नातवाला घेऊन खाली उतरला, ओल्या शर्टानं, आणि ते सगळे परत चढेपर्यंत निवांत उभा राहिला.