धुतलेल्या लोकरीचा आकडा

आकडा फारच देखणा दिसला की ग्लेनिस पॅस्कोला आधी संशय यायचा. ऑस्ट्रेलियातल्या जीलाँगच्या या गिरणीच्या अहवालात, मेंढी चरते तिथपासून लोकरीचं ब्लँकेट फाटून कचऱ्यात जातं तिथपर्यंत हवेला किती झळ बसते, याचा हिशेब होता. आणि ती झळ पॉलिस्टरच्या ब्लँकेटपेक्षाही कमी! ग्लेनिसची सही झाली, तरच गिरणीला इस्पितळांचं कंत्राट मिळणार होतं.

"मेंढ्यांनी मिथेनचे ढेकर देणं सोडलं की काय?" तिने मालकाला, डर्मट हॅनिगनला, दारातच विचारलं.

"तपासायला आलात की भांडायला, बाई?"

"बघू. दोन्हीला वेळ आहे."

डर्मटने चहा दिला, लॅमिंग्टन केक पुढे सरकवले. एवढा पाहुणचार तिला मुळीच आवडला नाही. ती तडक धुलाईच्या हौदांकडे गेली.

"एक किलो स्वच्छ लोकर निघायला मळकी किती लागते?"

"एक किलो सहाशे. बाकी चरबी, माती, लेंड्या."

सापडला! तिला मनातून गुदगुल्या झाल्या. "मग मळक्या किलोचा आकडा स्वच्छ किलोला कसा चिकटवलात? तिसऱ्या हिश्श्याहून जास्त भार गायब! मला काय काल जन्मलेली समजता?"

डर्मट चिडला नाही, हेही तिला खटकलं. त्याने कपाटातून एक छापील तक्ता काढला: कशाच्या किलोमागे हवेला किती झळ. लोकरधंद्यातले सगळे दोन वर्षं हाच वापरत होते. बोटाखालच्या ओळीत ठळक लिहिलं होतं: धुतलेली लोकर, एक किलो. पुढे तोच आकडा. तळाशी तक्ता करणारीचं नाव: ग्लेनिस पॅस्को.

तिने ती ओळ पुन्हा वाचली. शेतावर वजन केलेली लोकर होती ती, कातरल्या कातरल्या, मळासकट. ओळीचं नाव तिनेच चुकवलं होतं.

"सत्तावीस गिरण्यांनी घेतलाय हा आकडा," डर्मट हळूच म्हणाला. आता तोच तिच्याकडे रोखून बघत होता. "सही करून टाका. मला कंत्राट मिळेल, तुमची अब्रू राहील. कोण विचारतंय?"

तिला वाटलं, करावी. अगदी खरंच वाटलं, आणि त्याची तिला लाज वाटली.

तिने अहवालावर 'नामंजूर' लिहिलं, खाली कारण लिहिलं, आणि नाव दोनदा घातलं: एकदा चूक पकडणारी म्हणून, एकदा चूक करणारी म्हणून.