झाकलेला चौक

"उठवलेलं गाणं अर्ध्यात टाकायचं नाय, तानी. पालघट देवी येते नि उंबऱ्यावर उबी ऱ्हाते. तिला बसवल्याबिगर तू उठायचं नाय. दे वचन."

मरणाआधी राहीबाईने तानीचा हात घट्ट धरला होता. लग्न लावणारी, देवीला गाण्यातून बोलावणारी धवलेरी म्हणून पाड्यावर तिची जागा तानीला मिळाली, ती त्या वचनावर. आणि आज बोईसरच्या हॉलमध्ये, भर स्टेजवर, तिच्या तोंडासमोरचा माइक कुणीतरी काढून नेला होता.

"मावशी, झालं. उठा," कार्यक्रमाच्या आयोजक अर्चना मॅडम वाकून म्हणाल्या.

"नाय झाला. देवी आताशी वाटंला लागली."

"पाहुणे तासभर उशिरा आले, मी काय करू? सगळ्यांचीच गाणी कापलीत."

"तुमी बोललेल्या, पुरं गाऊ देऊ."

खुर्च्यांमधून शिट्टी आली. "अरे, कॅसेट अडकली!" "आंटी, बस करो, कोई नाचने वाला लगाओ!" हशा पिकला.

तानी माइकशिवाय गात राहिली. सकाळपासून तिने पाण्याचा घोटही घेतला नव्हता. धवलेरीने गाणं पुरं होईस्तोवर घ्यायचा नसतो. मागे 'आमची गाणी, आमचा महाराष्ट्र' असा बॅनर होता. पुढे फळीवर काढलेला पालघटीचा चौक, लग्नातलं देवीचं चित्र, फडक्याने झाकलेला होता.

प्रमुख पाहुणे स्टेजवर आले. कॅमेरे सरसावले. फडक्याकडे त्यांचा हात जाताच तानीने ते दाबून धरलं.

"नका. गाणं पुरं झाल्याबिगर उगडत नाय."

"अहो आजी, हे तर महाराष्ट्राचं वैभव! झाकून कशाला ठेवायचं?"

कोनशिलेवरचा पडदा ओढावा तसं त्यांनी फडकं ओढलं. टाळ्या पडल्या. तानीचं गाणं तुटलं. पुतण्या देवूने तिला दंडाला धरून खाली आणलं.

हॉलच्या मागे जनरेटर धडधडत होता. देवू त्याच्याहून मोठ्याने ओरडला.

"काय केलंस, काकी? सगळ्यांसमोर इज्जत घालवलीस!"

"मी?"

"मग कोण? पोरांना साळंत आपली गाणी म्हनायची लाज वाटते. मी वरीसभर ह्या लोकांच्या दारात उबा ऱ्हायलो, आपल्याला एक डाव स्टेज द्या म्हनून. आन तू पाहुण्याचा हात अडवतेस?"

"देवी अर्ध्या वाटंत हाय, देवू."

"तर मी चौकाचा छापलेला फ्लेक्स आनलेला ना? फ्लेक्सवर कोन येतंय? तुलाच पायजे होता शेन सारवलेला, तांदळाच्या पिठाचा. तुलाच!"

खोट्या चौकासमोर गाणं तानीला जमलं नव्हतं. खरा चौक काढला, म्हणून खरी देवी निघाली.

"आता पाड्यावर कोन बोलावनार तुला लग्नाला? सगळे बोलतील, देवी बाजारात सोडून आली." देवूने बाइकला किक मारली. "बस मागं."

ती बसली नाही. तो शिवी हासडून निघून गेला.

मंडपवाल्यांनी चौकाची फळी आणून भिंतीशी टाकली. एका कोपऱ्यावर बुटाचा ठसा होता; चौकातली पालघट मात्र शाबूत होती.

"अम्मा, हटो. ये कचरे में जाएगा."

तानीने खांद्यावरची पांघरायची फडकी सोडली. आतलं समूहगान भिंतीतून घुमत होतं. तिने फळी झाकली, चारही टोकं मागे बांधली आणि डोक्यावर घेतली. रिक्षावाल्याने विचारलं, "कुठं, सालवड नाका?" तिने नाही म्हणून मान हलवली. देवी अजून वाटेत होती; गाणं रिक्षात बसून नेता येत नव्हतं.

नाक्यापासून पाड्याकडे जाणारा डोंगराचा रस्ता कंपन्यांच्या भिंतींना लागून जातो. ट्रक हॉर्न देत अंगाजवळून जात होते. तानी कडेच्या मातीवर उतरली आणि जिथे गाणं तुटलं होतं, त्या ओळीपासून गायला लागली.