सतराच्या जागी आठ

“इथं खोटं बोलायचं नाही हं, पोरी. दगड ऐकत असतात.”

लेम्पी मावशीचा आवाज. मावशी जाऊन किती हिवाळे लोटले, पण आयलाच्या कानात तो आवाज अजून तसाच ओला होता, वाफेतून आल्यासारखा. तो ऐकू आला आणि कळफलकावरचं तिचं बोट थबकलं. समोर पडद्यावर सतरा होता. तिनं तो पुसला, त्याच्या जागी आठ लिहिला, आणि बिल विमा कंपनीकडं धाडून दिलं. मग खिडकीबाहेर बघत बसली. बाहेर ऑगस्टचं ऊन होतं, आणि सरोवरावर एक बोट कुठंच न जाता उभी होती.

दवाखान्याच्या बिलावर डॉक्टरची शाखा लिहावी लागते, आणि तीही आकड्यात. आठ म्हणजे घरचा डॉक्टर. ताप, खोकला, पोरांच्या लसी बघणारा. सतरा म्हणजे ज्याच्या हाती बरं करणं उरलेलं नसतं, दुखणं सोसवेल एवढं करणं उरलेलं असतं, तो. डॉक्टर ट्रेवॅरो दोन्ही होते. कुणाच्या घरी कुठल्या नात्यानं जाऊन आले, ते तेच चिठ्ठीवर लिहून देत आणि आयला ते बिलावर चढवी. शेजाऱ्यांच्या नावापुढं, शाळेतल्या बाईंच्या नावापुढं, चर्चमध्ये बाजा वाजवणाऱ्या म्हाताऱ्याच्या नावापुढं तिनं सतरा लिहिला होता. हात कधी अडखळला नव्हता.

या बिलावर रेइनो लाहतिनेन हे नाव होतं. रेइनो तिचा नवरा.

बिल परत आलं सप्टेंबरात, आणि आलं ते नेमकं समोरच्या टेबलावर, डोरीनच्या पडद्यावर. डोरीनच्या एका हातात सँडविच होतं.

“अगं आयला, तुझ्या नवऱ्याला एका दिवसात दोनदा सर्दी झाली काय?”

“का गं?”

“सकाळी पाय सुजला म्हणून सिम्सबाईंनी बघितलं, त्या आठ. दुपारी ट्रेवॅरो घरी जाऊन आले, तेही आठ. एकाच दवाखान्यातले, एकाच शाखेचे दोन डॉक्टर म्हणजे कंपनीच्या लेखी एकच माणूस. दुसऱ्या भेटीला नाही म्हणाले. हे तूच मला शिकवलंस बाई, पहिल्या आठवड्यात! मी रडले होते तेव्हा, आठवतं?” डोरीन हसत होती. “चला, आयला चुकली! आज केक आणायला हवा. थांब, डॉक्टरांची चिठ्ठी बघते, ते सिम्सबाईंपेक्षा वेगळं काय करायला गेले होते ते...”

ती वाचत गेली. हसणं तोंडावर तसंच राहिलं, पण त्यातलं हसू निघून गेलं. तिनं सँडविच कागदावर ठेवलं. पडदा हळूच बंद केला, कुणी झोपलेलं असावं तसा.

“मी कॉफी आणते तुला,” ती म्हणाली, आणि निघता निघता आयलाच्या खांद्यावर हात ठेवून गेली.

डॉक्टर ट्रेवॅरो स्वतःच तिच्या टेबलाशी आले ते दुपारी, माणसं पांगल्यावर. ते आणि रेइनो शाळेत एका बाकावर बसलेले. खुर्ची ओढून ते बसले आणि बराच वेळ आपल्या टोपीची कड चाचपत राहिले.

“डोरीननं सांगितलं तुम्हाला?” आयला म्हणाली.

“बिल परत आलं, एवढंच सांगितलं. बाकी मला कळतं.”

“चुकून झालं.”

“आयला.”

तिनं टेबलावरचे कागद एकावर एक सारखे केले.

“त्या दिवशी मार्केट शहरातल्या मोठ्या इस्पितळात रेइनो उठून गेला,” डॉक्टर म्हणाले. “तू म्हणालीस, मी सांगते त्याला, माझ्या तोंडून ऐकू दे. मी म्हटलं, बरं. अजूनही ‘बरं’च म्हणतो आहे.”

तो दिवस तिच्यापुढं उभा राहिला. तिथले मोठे डॉक्टर चित्रं दिव्यापुढं धरून घसा खाकरत होते, आणि रेइनोनं उठून टोपी डोक्यावर चढवली होती. “काय असेल ते हिला सांगा. मी ट्रक काढतो,” असं म्हणून तो गेला होता. जन्मभर रस्त्यावरचं बर्फ सारायचा ट्रक चालवलेला माणूस. गाव उठायच्या आत पुढं जाऊन वाट मोकळी करणारा. त्या दिवशी मात्र तो ट्रकमध्ये बसून राहिला आणि पुढं जावं लागलं ते तिला. ती बाहेर आली तेव्हा त्यानं विचारलं होतं, “पॅस्टी घ्यायच्या का वाटेत?” घेतल्या, त्या मांस भरलेल्या मोठ्या करंज्या. आत सलगमाऐवजी गाजर निघालं. त्यावर घरापर्यंत कुरकुरला, की पॅस्टीत गाजर घालणाऱ्याला तुरुंगात घातलं पाहिजे, सलगम ते सलगम. तीही भांडली. त्या भांडणाच्या आडोशाला दोघं घरी पोचले.

“काल मला म्हणत होता, मार्लिसला नाताळात बोलावलंय म्हणून,” डॉक्टर म्हणाले. “अॅरिझोनातल्या नातवंडांना बर्फात लोळवणार आहे म्हणे.”

“पोरगी आत्ताच यायची म्हणत होती फोनवर. यानंच सांगितलं, आत्ता नको, नाताळात ये, सुट्टी वाया घालवू नको.”

डॉक्टरांनी टोपी गुडघ्यावर ठेवली.

“नाताळ लांब आहे, आयला.”

तिनं मान हलवली.

“आणखी एक. त्यानं विचारलं, सौनात वाफ घ्यायला बसू का. मी म्हटलं, बस.”

आयलानं वर बघितलं. “अहो, वसंतात तुम्हीच दम भरला होतात. म्हणालात, असल्या दुबळ्या काळजानं त्या उष्म्यात पाऊल टाकलंस तर मी तुझं दार खिळे ठोकून बंद करीन.”

“म्हटलं होतं.”

“मग आता?”

डॉक्टर उठले. खुर्ची होती तिथं नेऊन ठेवली. जाताना त्यांनी बिलाचं नाव काढलं नाही, आणि त्यांनी ते काढलं नाही म्हणूनच आयलानं संध्याकाळी दवाखाना बंद व्हायच्या आधी ते उघडलं. आठ पुसला. सतरा लिहिला. आकडा लिहून झाला आणि तिला वाटलं, आता ओठही उघडतील. पण लिहिणं म्हणजे म्हणणं नव्हे. घरी जाऊन तिनं विचारलं ते एवढंच, “मासे तळू की वाफवू?”

शनिवारी परसातल्या सौनाच्या धुराड्यातून धूर निघाला. ती खोली रेइनोच्या बापानं देवदाराच्या ओंडक्यांची बांधलेली. आत दगडांची चूल, दोन पायऱ्यांचा बाक आणि सरोवराकडं उघडणारी हातभर खिडकी. पूर्वी रेइनो काखेत मावतील तेवढी लाकडं एका खेपेत नेई. आता एकेक ढलपी नेत होता आणि दर ढलपीमागं कुंपणाला टेकून सरोवर बघत होता. जणू सरोवर बघायलाच थांबला आहे.

धूर निघालेला हा पहिला शनिवार नव्हता. त्यानं डॉक्टरांना आत्ता कुठं विचारलं असेल, पण बसायला लागला होता कधीचाच. दर शनिवारी तो स्वयंपाकघराच्या दारातून विचारी, “येतेस?” आणि दर शनिवारी आयलाला काहीतरी असे. डोकं दुखे. बहिणीचा फोन यायचा असे. पीठ मळलेलं असे. लग्न झाल्यापासून त्या बाकावर ती त्याच्या शेजारी बसत आली होती. पोटात मार्लिस असतानाही खालच्या पायरीवर बसली होती. पण तिथं बसलं की मावशीचं ते बोलणं होतं. चर्चमध्ये एक वेळ गप्प राहता येतं, सौनात नाही. मावशी पळीनं दगडांवर पाणी घालायची आणि गुणगुणायची:

*घे रे दगडा, घोटभर पाणी,*
*दे रे मला खरी वाणी.*

“येतेस?” रेइनोनं दारातून विचारलं.

“पीठ...”

“बरं.”

तो गेला. ओट्यावर पीठ नव्हतं. दोघांनाही ते दिसत होतं.

आयला मोरीशी उभी राहिली. पेला धुतला, तोच पुन्हा धुतला. खिडकीतून सौनाच्या पायरीवरची बादली दिसत होती, तिच्यात भिजत घातलेल्या बर्च झाडाच्या डहाळ्यांच्या जुड्या. जूनमध्ये पानं कोवळी असताना दोघांनी मिळून बांधून वाळवलेल्या, अंगावर हलके मारून घ्यायच्या. एकट्या माणसाला एक पुरते. बादलीत दोन होत्या. आणि दाराच्या खुंटीवर, त्याच्या टॉवेलाशेजारी, तिचा निळा टॉवेल.

मागच्या शनिवारीही तो तिथंच होता. त्याच्याही मागच्या. तिला वाटलं होतं, वाळत टाकलेला असेल.

तिनं पेला ठेवला.

आत गेली तेव्हा तो वरच्या बाकावर भिंतीला टेकून बसला होता. बरगड्या मोजाव्यात इतक्या वर आल्या होत्या. तिला बघून तो नुसता सरकला. जागा मात्र आधीपासूनच मोकळी होती.

“पीठ फुगलं वाटतं,” तो म्हणाला.

“मेल्या, गप बस.”

तो हसला. हसता हसता खोकल्याची गाठ बसली. ती सुटेतो दोघं दगडांकडं बघत राहिले.

“पॉल ट्रेवॅरो म्हणाला, बस खुशाल,” रेइनो म्हणाला. “वसंतात दार खिळ्यांनी ठोकणार होता माझं. आणि आता म्हणतो, बस. एक तर तो म्हातारा झाला असेल, नाहीतर...”

नाहीतरपुढं तो गेला नाही. चुलीत लाकूड तडकलं. खिडकीतून सरोवर दिसत होतं; ऊन त्याच्यावर अजून सांडलेलं होतं, पण त्यात ऊब नव्हती.

“तू दिवसभर तिथं बसतेस,” तो म्हणाला. “सगळ्या गावाचं तुला आधी कळतं. बुलोच्या म्हातारीचं कळलं होतं, बाजावाल्याचं कळलं होतं. घरी यायचीस आणि बटाटे सोलता सोलता एकदम थांबायचीस. मी कधी विचारलं नाही. मला वाटायचं, हिच्या हातात थांबलेला बटाटा कुणाचा असेल.” त्यानं हाताच्या पाठीनं कपाळ पुसलं. “या उन्हाळ्यात आपण बटाटे खाल्लेच नाहीत, आयला.”

ती रडली नसती. पण वाफ होती, आणि वाफेत काय कुणाचं ते ओळखू येत नाही.

त्यानं बादलीतली पळी उचलली. त्यांच्या घरची रीत अशी होती की पाणी किती घालायचं ते पळी हातात असलेल्यानं ठरवायचं आणि दुसऱ्यानं सोसायचं. जन्मभर पळी त्याच्याच हातात राहिलेली; ती ओरडायची, पुरे पुरे, आणि तो आणखी घालायचा. आज त्यानं दांडा तिच्याकडं केला.

“घाल तू.”

“किती घालू?”

“मला सोसवेल तेवढं.”

आयलानं पळी घेतली. पाणी दगडांवर पडलं; दगड चरचरले, मग फुत्कारले, आणि पांढरी वाफ उठून दोघांच्या मध्ये आली, दोघांना एकत्र घेऊन छताला गेली. त्या उबेत त्यानं डोळे मिटले आणि ओला हात बाकावर तिच्या बाजूला, तळवा वर करून ठेवला.

तिनं त्या तळव्यात आपला हात ठेवला.

“रेइनो,” ती म्हणाली, “पोरीला आत्ताच बोलावून घेऊया. नाताळ आपल्याला लांब पडेल.”