अकरा नंबरची फायनल बाकी आहे

मित्रांनो, मी एक जुना गेम कन्सोल आहे, असं माझ्या खोक्यावर छापलं होतं. कोल्हापुरात मंगळवार पेठेतल्या आमच्या घरात मात्र मला 'डबा' म्हणतात. घरात आणखी तेवीस डबे आहेत. त्यांच्यात रवा, गूळ, शेंगदाणे असं काही ना काही असतं. माझ्यात फुटबॉल आहे. एका दिवाळीत घरच्या मालकीणबाईंनी, प्रमोदिनीबाईंनी, माझ्या उबदार डोक्यावर चकल्यांचं ताट ठेवलं होतं. चकल्या चार दिवस कुरकुरीत राहिल्या. माझ्या आयुष्यातलं पहिलं कौतुक ते.

माझा जन्म परदेशातल्या कारखान्यात झाला. त्याविषयी मी फार सांगू शकत नाही, कारण तेव्हा माझा प्लग लावलेला नव्हता. मी डोळे उघडले ते थेट इरावतीसमोर. ती तेव्हा अकरावीत होती. तिनं मला टीव्हीला जोडलं आणि पहिल्याच दिवशी खेळाडूंच्या यादीत दोन नावं टाकली. एक 'इरा' आणि दुसरं, गंमत म्हणून, 'अप्पा'. अप्पा म्हणजे तिचे वडील. त्यांनी हँडल हातात घेतलं, उलटसुलट करून पाहिलं आणि परत दिलं.

"मला काय कळतंय त्यातलं," ते म्हणाले. "ह्याला गिअर कुठं हाय?"

अप्पांचं उद्यमनगरात लेथचं वर्कशॉप होतं. जगात दोनच प्रकारच्या वस्तू असतात, तेल घातलेल्या आणि तेल घालायच्या राहिलेल्या, असं त्यांचं मत होतं. खंडेनवमीला ते वर्कशॉपमधली यंत्रं पुजून घरी यायचे आणि उरलेल्या हळदकुंकवात स्कूटर, मिक्सर, शिलाई मशीन आणि मला बसवायचे. पहिल्याच वर्षी त्यांनी नेमकं माझ्या पंख्याच्या जाळीवर झेंडूचं फूल ठेवलं. मला हवा मिळेना. मी तापलो आणि पंखा जिवाच्या आकांतानं फिरवू लागलो.

"बघ इरा," अप्पा हात जोडून म्हणाले, "पावलं."

दुसऱ्या वर्षी त्यांनी पंख्यात तेल सोडलं. गेम कन्सोलच्या पंख्यात तेल सोडत नाहीत, हे मला ठाऊक होतं, पण सांगणार कसं? इरावतीनं कपाळाला हात लावला.

"अप्पा, हे यंत्र तसलं नाही हो."

"यंत्र हाय म्हटल्यावर तेल लागतंयच की. आणि मी काय गोडंतेल घातलंय व्हय? मशीनचं हाय, चांगल्या कंपनीचं."

खरं सांगू? पंखा पुढची नऊ वर्षं बिघडला नाही. आवाज मात्र वाढला. मी सुरू झालो की शेजारच्या बाळाबाई, गिरणी चालू झाली असं समजून, दळण घेऊन दारात यायच्या.

मग एकदा माझ्या तोंडातलं, म्हणजे डिस्क आत ओढून घ्यायच्या फटीतलं, प्लॅस्टिकचं दातेरी चाक तुटलं. कंपनीच्या सेंटरनं, पार्ट मिळत नाही, असं कळवलं. अप्पांनी ते चाक खिशात टाकून वर्कशॉपला नेलं आणि संध्याकाळी पितळेचं चाक करून आणलं. तेव्हापासून मी अर्धा परदेशी आणि अर्धा उद्यमनगरचा आहे. डिस्क घेताना मी आता खट्ट असा आवाज करतो. मला तो भारदस्त वाटतो.

पुढे इरावती मोठी झाली, इंजिनिअरिंग कॉलेजात शिकवायला लागली, आणि माझ्यावर धूळ बसू लागली. तिची आई, प्रमोदिनीबाई, दिवसभर शाळेत शिकवायला. अप्पांनी वर्कशॉप भाच्याच्या हवाली केलं आणि ते घरी बसले. आता जी गोष्ट सांगतो ती घरात फक्त मला माहीत होती.

एका सकाळी अकरा वाजता अप्पांनी दाराला आतून कडी घातली, खिडकीचा पडदा ओढला आणि माझं बटण दाबलं. एवढी तयारी मी फक्त चोर आणि जप करणाऱ्यांची पाहिली आहे. महिनाभर त्यांचे खेळाडू मैदानाबाहेर पळत राहिले. मग जमू लागलं. अप्पांनी स्वतःची टीम काढली. गोलकीपर जोतीराम, जो वर्कशॉपच्या दारात चहाची गाडी लावायचा. बॅकला कृष्णात, ड्रिल मशीनवरचा, तोही एकशे दहा किलोचा, कारण अप्पांनी वजन खोटं लिहिलं नाही. आणि डाव्या बाजूनं पळणारा अकरा नंबर, वय बावीस, नाव अप्पा.

मित्रांनो, अप्पा बावीस वर्षांचे असताना खरोखरच पेठेच्या टीममध्ये अकरा नंबरला खेळायचे. सेमीफायनलला त्यांचा उजवा गुडघा गेला. फायनल त्यांनी गॅलरीतून पाहिली आणि नंतर फुटबॉलचं नाव काढलं नाही. माझ्या आत त्यांचा गुडघा चांगला होता. तीन वर्षं, रोज अकरा ते एक, ते पळत होते. एक वाजता ते माझ्यावरची धूळ पुसायचे, पण सगळी नाही. संशय येऊ नये म्हणून थोडी परत पसरायचे.

अशात या वर्षी नवीन मॉडेलची घोषणा झाली. रविवारी सकाळी इरावतीनं पोहे खाता खाता तो व्हिडिओ टीव्हीवर लावला. मीही बघितला, कारण मी टीव्हीखालीच असतो.

मला वाटलं होतं, आपल्याला मत्सर वाटेल. वाटला नाही. पोरगं देखणं आहे. उभं राहतं, मी जन्मभर आडवा. पंख्याचा आवाजच नाही, म्हणजे बाळाबाईंचा हेलपाटा वाचेल. त्याचं हँडल म्हणे पावसाचे थेंब वेगळे आणि गारा वेगळ्या जाणवून देतं. माझं हँडल एकाच पद्धतीनं थरथरतं, अंगावर म्हैस आल्यासारखं. गोल झाला तरी म्हैस, हरलो तरी म्हैस. फक्त एक गोष्ट खटकली. त्याला तोंड नाही. डिस्क जात नाही, सगळे गेम हवेतून येतात.

"तोंड न्हाय त्याला?" अप्पा म्हणाले. "मग जेवतंय कुठनं?"

"इंटरनेटवरनं. काय ग्राफिक्स आहेत बघा. गवताचं पातं न् पातं हलतंय."

"गवत बघायला आपण रंकाळ्यावर जातोय की."

"आणि जुना दिला की एक्स्चेंज आहे. शनिवारी डबा नेतो आणि बुकिंग करून येतो." कोल्हापुरातल्या मुली 'नेतो' आणि 'येतो'च म्हणतात. "आता कोण खेळतंय त्याच्यावर?"

अप्पांनी पोह्यातला शेंगदाणा बाजूला काढला. "कोण खेळतंय," ते म्हणाले. "ने की."

त्या आठवड्यात ते दीडपर्यंत खेळू लागले. सीझन संपवायचा होता. शनिवारी अकरा बावन्नला अकरा नंबरनं सेमीफायनलमध्ये डाव्या पायानं गोल मारला आणि टीम फायनलला गेली. तेवढ्यात खाली इरावतीच्या स्कूटरचा हॉर्न वाजला. अप्पांनी मला बंद केलं, कडी काढली आणि फडक्यानं पुसलं. या वेळी सगळी धूळ पुसली.

राजारामपुरीतल्या दुकानात विश्वजित नावाच्या पोरानं मला उघडलं, आत बोट फिरवलं आणि वास घेतला.

"ताई, ह्यात तेल हाय."

"हो."

"आणि कुंकू. लग्न लावलंय व्हय ह्याचं?"

"खंडेनवमीचं आहे."

"आणि हे पितळ? असलं चाक मी कुठल्याच डब्यात बघितलं न्हाय." त्यानं मला टीव्हीला जोडलं. मी खट्ट केलं. "चालतंय की पण. घेतो. फक्त आतला सगळा डेटा पुसायचा. नावं निवडा आणि दाबा बटण."

पडद्यावर दोन नावं आली. इरा, शेवटचा खेळ चार वर्षांपूर्वी. अप्पा, शेवटचा खेळ आज, अकरा बावन्न.

माझा पंखा आपोआप वाढला. मित्रांनो, आम्हा यंत्रांना रडता येत नाही, गरम होता येतं.

इरावतीनं दुसरं नाव उघडलं. जोतीराम. कृष्णात, एकशे दहा किलो. अकरा नंबर, कॅप्टन, वय बावीस. सहाशे चौदा मॅचेस. खाली लिहिलं होतं, पुढची मॅच फायनल.

"ताई, पुसायचं न्हवं?" विश्वजित म्हणाला.

"नाही. डबा बंद कर."

"मग नवीन?"

"बुकिंग घे. जुना न देता." तिनं मला पिशवीत घातलं. "ह्याच्यात माणूस खेळतोय अजून."

घरी अप्पा रिकाम्या जागेसमोर खुर्ची टाकून पेपर वाचत होते. पेपर कालचा होता. इरावतीनं मला परत ठेवलं.

"का गं?"

"घेतला नाही. तेल निघालं आत."

अप्पांनी पेपरची घडी केली. चेहरा सरळ ठेवायला त्यांना फार कष्ट पडत होते. "अडाणी हाईत," ते म्हणाले. "एवढं चांगलं तेल."

"तर काय." तिनं माझी वायर लावली, दोन्ही हँडलं काढली आणि एक त्यांच्या मांडीवर ठेवलं. "उजव्या बाजूला मला घ्या. आणि ह्या कृष्णातला कुणी फायनलला खेळवतंय व्हय, अप्पा?"

अप्पांनी हँडल या वेळी सरळच धरलं. "माणूस जुना हाय," ते म्हणाले. "बसवायचा कसा?"

मी फायनल सुरू केली. बरोबरी झाली, पेनल्टीवर गेली. शेवटची पेनल्टी अकरा नंबरनं घेतली आणि बॉल बारच्या वरून गेला. हँडलं थरथरली, म्हैस आली. अप्पांनी हळूच स्वतःचा उजवा गुडघा चोळला.

"गुडघा," ते म्हणाले.

"पुढच्या सीझनला बघू," इरावती म्हणाली. दारात बाळाबाई दळण घेऊन उभ्या होत्या.

तर मित्रांनो, नवीन भाऊ दिवाळीला येतोय. त्याला मी माझ्या शेजारची जागा देणार आहे, आणि खंडेनवमीबद्दल आधीच काही सांगणार नाही. तुमच्याकडे काही गोष्टी मागतो. आमच्या पंख्याच्या जाळीवर फूल ठेवू नका. तेल घालायचं तर आधी विचारा. आणि एखादा जुना डबा पुसून देण्याआधी तो एकदा सुरू करून बघा. आत कुणाची तरी फायनल बाकी असते.