लेकीचा रस्ता

लेकीला आई नव्हती, म्हणून बाळंतपणाला आप्पाच परदेशी तिच्याकडे आले. उभा जन्म बस चालवलेला माणूस. लेक विद्यापीठात शिकवते, जावई तिथल्याच प्रयोगशाळेत, आणि दारात साधी गाडी नाही, हे त्यांना पहिल्याच दिवशी खटकलं.

“अडीनडीला काय कराल?”

“इथं सगळं चालत जाण्यासारखं आहे, आप्पा. दवाखानासुद्धा.”

तरी आप्पांच्या जिवाला घोर लागलाच.

गल्ली मात्र त्यांना आवडली. खिडकीत बसलं की वर्गाला धावणारी नाना मुलुखांची मुलं दिसत. खालच्या पाववालीशी जो तो आपापल्या वळणाची मोडकीतोडकी भाषा बोले आणि तिला सगळ्यांचं कळे. आप्पांना त्यातलं अक्षर समजत नसे, तरी ते कान देऊन ऐकत.

एका सकाळी जावई कामावर गेला आणि लेकीला कळा सुरू झाल्या. तिनं दवाखान्यात विचारलं, नवऱ्याला फोन केला आणि चपला घातल्या.

“चालत?” आप्पांचा आवाज चढला.

“नर्सच म्हणाली, वेळ आहे अजून, चाललेलं बरं. तुम्ही फक्त पिशवी घ्या.”

दोघं खाली उतरली. पाववालीनं लेकीचा चेहरा पाहिला, पिठाचे हात पदराला पुसावेत तसे झग्याला पुसले आणि दुकान उघडं टाकून तिच्या कमरेला हात दिला. न्हाव्याच्या दारापाशी मोठी कळ आली. लेक वाकली. न्हाव्यानं गिऱ्हाईक अर्धवट सोडून खुर्ची बाहेर आणली, आणि गिऱ्हाईकही एका गालावर फेस घेऊन पाण्याचा पेला धरून उभं राहिलं. तेवढ्यात तिचे दोन विद्यार्थी आले. आप्पांच्या हातातली पिशवी कधी गेली, त्यांना कळलंही नाही.

जो तो आपल्या भाषेत धीर देत होता आणि लेक ज्याला त्याला त्याच्याच भाषेतला एखादा शब्द परत करत होती.

“एवढ्या सगळ्यांना ओळखतेस तू?”

“रोज इथूनच जाते ना, आप्पा. ओळख होतेच.”

आप्पांना भरून आलं. त्यांनी अख्ख्या तालुक्याला वाहून नेलं होतं, पण माणसं पाहिली ती आरशातून. ‘पुढे सरका’ यापलीकडे कुणाशी बोलणं झालं नव्हतं. लेकीनं मात्र इथं गोतावळा जमवला होता.

दवाखान्याच्या दारात जावई धापा टाकत भेटला. लेक त्याचा हात धरून आत गेली.

दुपारी नात झाली. इवल्या मुठी बघून आप्पा ओठ मिटून रडले. मग लेकीनं विसरलेली शाल आणायला ते एकटेच घरी निघाले.

रस्ता त्यांना जाऊ देईना. विद्यार्थ्यांनी भुवया उंचावून विचारलं, न्हावी वस्तरा हातात घेऊन बाहेर आला.

“मुलगी,” आप्पा स्वच्छ मराठीत सांगत होते. “दोघी सुखरूप.” कुणी पाठ थोपटली, कुणी मिठी मारली. पाववालीनं गरम पाव हातात कोंबला आणि डोळे टिपले.

फोन वाजला. “आप्पा, किती वेळ? रस्ता चुकलात का?”

“नाही गं,” आप्पा तोंडातला घास सावरत म्हणाले. “अजून वरच्या मजल्यावरच्यांना सांगायचंय.”