साठवणीतलं गाऱ्हाणं

धामापुरात कुणाकडे काही शुभकार्य असलं की नारळ ठेवून देवाला गाऱ्हाणं घालायला बोलावणं यायचं ते परशुरामांना. मागच्या दिवाळीत त्यांना अर्धांगाचा झटका आला आणि आवाज गेला. आता बोलायला गेले की घशातून नुसती घरघर.

पण रोज दुपारी ताटं वाढली की दीपिका, त्यांची सून, फोनवर त्यांचंच जुनं गाऱ्हाणं लावायची. मुंबईच्या गावकरी मंडळाने ते कधीतरी रेकॉर्ड करून आपल्या साईटवर ठेवलं होतं. फोनमधले परशुराम खणखणीत म्हणायचे, "बा देवा म्हाराजा..." आणि छोटी ऋता आजोबांना रेलून ओरडायची, "होय म्हाराजा!" हल्ली आजोबांच्याही तोंडून एक "हो..." सुटायला लागला होता. तेवढाच, आणि तोही फक्त त्या आवाजाला. डॉक्टर म्हणाले होते, हे सोडू नका, यातूनच वाचा येईल.

गावात नेटला जोर नाही. म्हणून दीपिकाने वाडीतल्या घरांसाठी एकच कनेक्शन घेऊन माजघरातल्या फळीवर जुना कॉम्प्युटर बसवला होता. त्यावर एकदा उघडलेलं पान साठवून ठेवणारा प्रॉक्सी चालायचा. कुणी विचारलं तर ती सांगायची, "पिंपासारखो आसा तो. एकदा भरून ठेवला की परत परत विहिरीर जावक नको."

त्या सकाळी ऋता अंगणात करवंटीत भात शिजवत होती, तेवढ्यात दीपिकाने प्रॉक्सीचं अपडेट उरकून घेतलं. जुनी आवृत्ती आता सुरक्षित नाही, अशा सूचना कधीच्या येत होत्या. सगळं नीट चालू झालं. ती खूश होऊन आमटीला फोडणी द्यायला उठली.

दुपारी फोनवर गाऱ्हाणं लावलं, तर गोल फिरत राहिलं आणि मग 'पान सापडत नाही'.

"आये, आजो खंय गेले?" ऋता म्हणाली.

"येतत गो. थांब जरा."

तिने मुंबईला, मंडळाचं बघणाऱ्या लवूदादाला फोन लावला.

"ती साईट?" तो हसला. "गो बाय, ती गणपतीच्या आधीच बंद केली. बघणारो कोण होतो?"

"पण हयसर कालपर्यंत वाजत होता!"

"मगे तुमच्याकडे भुताटकी आसतली."

"दादा, मूळ रेकॉर्डिंग तरी?"

"माझ्या जुन्या फोनात होता. तो फोन कधीच मोडीत गेलो."

दीपिकाने फोन ठेवला. म्हणजे मूळ झरा कधीच आटला होता आणि एवढे दिवस पिंपातलंच पाणी चाललं होतं. जुना प्रॉक्सी मूळ जागेचं उत्तर न आल्यास आपल्याकडची प्रत निमूट देत होता. नव्याला ती रीत मान्य नव्हती. मूळ जागी विचारायचं, तिथे नसेल तर इथेही नाही.

तिने जुनी आवृत्ती परत बसवली. साठवण उघडली. रिकामी. नव्या आवृत्तीची साठवायची पद्धतच वेगळी. जुनं काही वाचता येईना म्हणून त्या आवृत्तीने सकाळी चालू होतानाच सगळं झाडून टाकलं होतं. कुणाला न विचारता, अगदी नीटनेटकं. गाऱ्हाणं वेगळं उतरवून ठेवायचं दीपिकाला कधी सुचलंच नव्हतं. रोज वाजत तर होतं.

परशुराम ताटाला हात न लावता बसले होते.

"आये, तू घाल गाराणा," ऋता म्हणाली.

दीपिकाने पदर सावरला. "बा देवा म्हाराजा..."

"होय म्हाराजा!"

आणि पुढे? ती अडली. रोज ऐकलं होतं, पण लक्ष सगळं सासऱ्यांच्या ओठांकडे. तिने कुंपणावरून शेजारच्या नर्मदाकाकींना हाक मारली.

"काकी, बाबांचा गाराणा तुमका येता?"

"माका? गो, ते घालीत, आमी आपले होय म्हाराजा म्हणणारे!"

ती परत आली तेव्हा परशुरामांचे हात जोडलेले होते. डोळे मिटलेले. ओठ हलू लागले. शब्द न् शब्द त्यांच्या आत शाबूत होता. बाहेर मात्र घरघर येत होती, सलग, कुठेही न थांबणारी.

'होय म्हाराजा' म्हणायची जागाच सापडेना; ऋता तोंड उघडून वाट बघत राहिली. मग आईच्या कानाशी येऊन कुजबुजली, "आये, आता म्हणू?"