अक्काचा होकार

डॉक्टर शिवयोगी गुरम्माच्या रक्ताचा कुणी नव्हता, पण तिच्या हातच्या भाकरीवर मात्र पोसलेला होता. अक्कलकोटकडच्या खेड्यातून तो डॉक्टरकी शिकायला सोलापुरात आला, तो बाळीवेशीत गुरम्माचा नवरा ईरप्पा याच्या माडीवर राहिला. परीक्षा आली की गुरम्मा कडक भाकरी आणि शेंगाची चटणी वर नेऊन द्यायची आणि त्याचं जेवण होईपर्यंत समोर बसून राहायची. तो तिला अक्का म्हणायचा, ईरप्पाला दाजी. त्यानं नर्सिंग होम काढलं तेव्हा फीत कापायला कुणी आमदार नव्हता, अक्का आणि दाजीच होते. गुरम्मानं ते वर्षभर सांगितलं, कुणी विचारो न विचारो.

त्यामुळे पंच्याहत्तर साली ईरप्पाचं अपेंडिक्स दुखायला लागलं तेव्हा दुसऱ्या डॉक्टरचं नावसुद्धा निघालं नाही. शिवानं ऑपरेशन केलं. टाके भरून आले, पोट मात्र बरं होईना. माणूस वाळत चालला.

"गॅस आहे, अक्का," शिवा म्हणायचा.

धाकटा दीर मल्लिकार्जुन म्हणाला, "वैनी, मिरजेला नेऊन पोटाचा फोटो काढू या की."

गुरम्मानं शिवाला विचारलं, तर तोच रुसला. आता माझ्यावर विश्वास राहिला नाही का, म्हणाला. झालं, मिरज राहिली. पुढच्या महिन्यात ईरप्पा गेला.

मल्लिकार्जुन अडून बसला. भाऊ कशानं गेला ते कळू द्या, सिव्हिलला नेऊन तपासा, म्हणाला. शिवानं गुरम्माला आतल्या खोलीत नेलं. त्याचे डोळे भरले होते.

"अक्का, तिथं दाजींना टेबलावर उघडं टाकतील, चिरतील. गळ्यातलं लिंग काढून कुठं फेकतील देव जाणे. तुला चालेल का?"

कसं चालेल? गुरम्मानं बाहेर येऊन अख्ख्या गल्लीसमोर दिराला फैलावर घेतलं. "तुज्या भावाचं तुकडं करायचं हायत का रं तुला? शिवा सांगतोय ते बास!" मल्लिकार्जुन मान खाली घालून बाजूला झाला. त्या दिवसापासून त्यानं वहिनीचा उंबरा सोडला.

लिंगायतांत मेलेल्याला जाळत नाहीत. मांडी घालून बसवतात आणि तसंच बसलेलं, विभूती लावून, मिठासकट पुरतात. ईरप्पाला भिंतीशी बसवताना तो पुढं झुकला, तेव्हा गुरम्मानं त्याच्या पोटाला हात देऊन सावरलं. टाक्यांच्या व्रणाखाली हाताला काहीतरी कडक लागलं. शेजारीशेजारी दोन कडी, कात्रीच्या मुठीला असतात तशी. शिवानं पटकन तिचा हात बाजूला घेतला.

"गाठ आहे ती, अक्का."

खांदा द्यायलाही तोच पुढं होता. रुद्रभूमीत खड्ड्यात मूठभर मीठ त्यानंही टाकलं. गुरम्माला वाटलं, पोटचा मुलगा असता तर ह्याहून काय वेगळं केलं असतं!

श्रावणात ती शेंगाच्या पोळ्यांचा डबा घेऊन नर्सिंग होममध्ये गेली. शिवा पेशंट बघत होता. पलीकडच्या खोलीचं दार उघडं होतं आणि टेबलावर उकळून काढलेले चिमटे निथळत पडले होते. दिसायला कात्रीसारखे, फक्त पातं नाही. तिनं सहज एक उचलला. दोन बोटं दोन कड्यांत गेली आणि हातानं तो ओळखला. डोक्यात उजेड पडायला थोडा वेळ लागला. तेवढ्यात शिवा दारात आला. तिच्या हातातला चिमटा बघून त्याचा चेहरा असा पांढराफटक पडला, की विचारण्यासारखं काही उरलंच नाही.

"अक्का, ठेव ते."

डबा तिथंच राहिला. गुरम्मा संतापानं ताडताड चालत सुटली. चूक झाली असती तर झाली असती. डॉक्टर काय देव असतो? पण हा रडला होता. तिच्यासमोर डोळ्यांत पाणी आणून त्यानं तिच्याच तोंडून नाही म्हणवून घेतलं होतं. ती थेट मल्लिकार्जुनाच्या दारात गेली. तिनं सगळं सांगितलं. तो पायात चपला सरकवून तिच्याबरोबर पोलीस चौकीवर निघाला.

फौजदारानं डॉक्टरला बोलावलं, तर तो वकील घेऊन आला. वकील मोठा गोड बोलायचा.

"हयगयीनं माणूस मेला म्हणता, मग कशानं मेला ते तर सांगा. पोस्टमॉर्टेम कुठाय? नाही. का नाही? तर ह्याच बाईंनी करू दिलं नाही. सगळी बाळीवेस साक्ष देईल, साहेब."

फौजदार गुरम्माकडं वळला. "एकच वाट आहे, बाई. तहसीलदारांचा हुकूम घेऊन प्रेत उकरून काढायचं. पण घरच्यांची ना असेल तर मी पेठेचा रोष अंगावर घेणार नाही."

शिवा अजिबात घाबरलेला नव्हता. तो तिच्याकडं झुकला आणि माडीवर भाकरी मागायचा त्याच आवाजात म्हणाला, "अक्का, दाजी शांत बसलेत तिथं. तू त्यांना उठवायची नाहीस. मी काय तुला ओळखत नाही?"

आता गुरम्माला सगळं कळलं. तो तिच्या श्रद्धेच्या भरवशावर होता. त्या दिवशीही आणि आजही. ती पदर खोचून फौजदाराकडं वळली.

"सायेब, आमी जाळत न्हाय. मालक बसल्यात तितं, पोटात ह्याचा चिमटा घेऊन. उकरा. फकस्त चिरायच्या आदी त्यांचं लिंग तेवढं माज्या हातात द्या."